वेप पेनची बॅटरी गेली, तर चार्जरची वायर कापून कार्ट्रिज चालवावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भाचा कॅलिफोर्नियाहून सुट्टीला कोपरखैरण्याला आला, त्याचं वेप पेन (तेल तापवून वाफ ओढायचं पेनाएवढं उपकरण) इथे आल्यावर बंद पडलं आणि वरचं कार्ट्रिज, म्हणजे तेलाची कुपी, अजून अर्ध्याहून जास्त भरलेलं आहे. एका व्हिडिओत कोणीतरी मोबाइल चार्जरची केबल कापून लाल-काळी वायर कार्ट्रिजच्या बुडाला टेकवली आणि धूर काढून दाखवला. तसं केलं तर चालेल का, लाल वायर नेमकी कुठे लावायची, आणि नाहीच जमलं तर पेनमधला सेल काढून दुसऱ्या कशाला लावता येईल का?

पहिल्याचं उत्तर नाही. दुसऱ्याचं उत्तर, कुठेही लावा, फरक पडत नाही; आणि सगळं दुखणं नेमकं तिथेच आहे. तिसऱ्याचं उत्तर हो, पण अटी घालून.

मी ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये लिथियम बॅटरीचे पॅक बांधते आणि दुरुस्त करते. ई-बाइक, सोलर दिवे, ट्रिमर, वायरलेस माइक, काय वाटेल ते बाकावर येतं. वेप पेन मी कामाला घेत नाही, त्याचं कारण पुढे येईल. पण विजेचं गणित सगळ्यांना सारखंच असतं, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी कार्ट्रिजच्या पोटात काय असतं ते बघा. बुडाला आटे असतात, त्यांना ५१० म्हणतात: अर्ध्या मिलिमीटरच्या अंतराने दहा आटे. मधली पिन प्लस, बाहेरची रिंग मायनस, दोघांच्या मध्ये रबराचं किंवा प्लास्टिकचं बारीक इन्सुलेशन. वर सिरॅमिकमध्ये बसवलेली एक छोटी कॉइल. संपलं. सर्किट नाही, फ्यूज नाही, तापमान बघणारा सेन्सर नाही. कॉइल म्हणजे नुसती रोधक तार, साधारण १.२ ते २ ओहमची. तारेला दिशा नसते, म्हणून लाल-काळी उलटी लावली तरी ती तितकीच तापते. तुम्हाला काळजी पोलॅरिटीची, म्हणजे प्लस-मायनस उलटं होण्याची, वाटते आहे, पण तिथे चुकायला वावच नाही. चुकायला वाव बाकी सगळीकडे आहे, आणि चुकलात तर सांगणारं कार्ट्रिजमध्ये कोणी नाही.

ते सांगणारं सगळं पेनमध्ये असतं. पेनच्या नळीत ३.७ व्होल्टचा लहानसा लिथियम सेल आणि नखाएवढा बोर्ड असतो. तो बोर्ड सेलचं व्होल्टेज कमी-जास्त करून कॉइलला साधारण अडीच ते चार व्होल्टच्या मध्ये ठेवतो. बटण दाबूनच धरलं तर आठ-दहा सेकंदांत स्वतःहून तोडतो. कॉइल शॉर्ट असेल तर दिवा लुकलुकवतो आणि वीज सोडत नाही. सेल उतरत आला की थांबतो. चार्जरच्या दोन वायरी टेकवल्या की ही चारही कामं करणारं मध्ये कोणी उरत नाही.

आता हिशेब. कॉइल १.५ ओहमची धरू. पेन ३.३ व्होल्ट देत असेल तर करंट २.२ अँपिअर आणि कॉइलवर खर्च होणारी पॉवर सव्वासात वॉटच्या आसपास. त्याच कॉइलला यूएसबीचे ५ व्होल्ट दिले तर कागदावर ३.३ अँपिअर आणि साडेसोळा वॉटच्या वर. व्होल्टेज दीडपट झालं, पॉवर मात्र सव्वादोनपटीहून जास्त झाली, कारण पॉवर व्होल्टेजच्या वर्गाने वाढते. घरी मल्टिमीटर घेऊन बसणारी बरीच पोरं इथेच फसतात. ‘तीन पॉइंट तीनच्या जागी पाच, एवढं काय,’ असं म्हणतात.

कागदावर असं मी मुद्दाम म्हटलं, कारण प्रत्यक्षात साडेसोळा वॉट सहसा पोहोचत नाहीत. स्वस्त केबलमधली तार २८ गेजची, म्हणजे अगदी बारीक असते. एक मीटर जाऊन एक मीटर परत यायचं म्हटलं तर त्या तारेचाच रोध ०.४ ओहमच्या वर जातो. मग करंट २.६ अँपिअरवर येतो, कॉइलला दहा वॉट मिळतात आणि जवळजवळ तीन वॉट केबलमध्ये उष्णता होऊन जातात. व्हिडिओतल्या माणसाचं कार्ट्रिज लगेच जळलं नाही ते या केबलच्या कृपेने. त्याचंच बघून तुम्ही फास्ट चार्जिंगची जाड केबल कापलीत तर ती कृपा तुमच्या वाट्याला येणार नाही. एकच कृती आणि एकच कार्ट्रिज, पण केबल बदलली की निकाल बदलतो. अशा गोष्टीला मी उपाय म्हणत नाही.

दुसऱ्या टोकाला चार्जर आहे. एक अँपिअरच्या जुन्या चार्जरवर २.६ अँपिअरचा लोड टाकला की चांगला चार्जर बंद-चालू होत राहतो, हलका चार्जर गरम होतो. या हलक्या चार्जरमध्ये २३० व्होल्टची बाजू आणि तुमच्या बोटांत धरलेली ५ व्होल्टची बाजू यांच्यामध्ये ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन आणि एखादा स्वस्त कपॅसिटर एवढंच असतं. मोबाइल चार्ज करताना ती बाजू प्लास्टिकच्या आत असते. इथे ती उघडी, हातात, आणि दुसरं टोक तोंडाजवळ. लॅपटॉपच्या पोर्टला लावायचा विचार असेल तर यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिअँपिअरचा आणि ३.० पोर्ट ९०० चा धरलेला असतो, एवढं लक्षात असू द्या. पोर्टने स्वतःला वाचवलं तर ठीक. नाही वाचवलं तर मदरबोर्डचं काम निघतं, आणि ते कार्ट्रिजच्या किमतीत होत नाही.

शिवाय हातांचा प्रश्न आहे. बुडाचा व्यास सात मिलिमीटर, मधली पिन त्याहून कितीतरी लहान, आणि दोन उघड्या वायरींची टोकं दोन बोटांत धरून तिसऱ्या हाताने काय करणार? वायर घसरली की पिन आणि रिंग थेट शॉर्ट. चार्जरवर ठिणगी उडून भागेल.

पण चार्जर जमला नाही की लोक पुढच्या पायरीवर जातात: जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेला उघडा १८६५० सेल. १८ मिलिमीटर व्यास, ६५ मिलिमीटर लांबी, दिसायला पेन्सिल सेलचा मोठा भाऊ. व्होल्टेज अगदी योग्य, म्हणून मोह होतो. पण शॉर्ट झाला तर तो दहा-वीस अँपिअर सहज ओकतो, कारण त्याच्या पुढे कुठलाही बोर्ड नाही. खिशात सुट्टे पैसे आणि उघडा सेल एकत्र ठेवण्याचा परिणामही हाच. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००९ ते २०१६ या काळातल्या ई-सिगारेटच्या आगी आणि स्फोटांच्या १९५ घटना नोंदवल्या होत्या, त्यांतल्या बऱ्याच खिशातल्या आहेत. नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीचा सल्लाही फिरतो. ती स्वतःच्या आतल्या रोधामुळे लवकर दमते एवढंच. सुरुवातीचा झटका पेनपेक्षा बराच मोठा असतो.

तेलाचं काय होतं हा माझा विषय नाही, पण जेवढं तापमानाशी निगडित आहे तेवढं सांगते. सिरॅमिकमध्ये तेल झिरपायला वेळ लागतो. कॉइल त्याहून वेगाने तापली की तेल संपलेल्या जागी ती कोरडी तापते आणि उरलेलं तेल वाफ होण्याऐवजी करपतं. वेपच्या द्रवात बऱ्याचदा प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन असतं; ते जास्त तापलं की त्यातून फॉर्माल्डिहाइड आणि अॅक्रोलीन अशी विषारी रसायनं तयार होतात. घशाला जे टोचतं ते हे. आणि आत मुळात काय भरलं आहे हा प्रश्न वेगळाच. २०१९ साली अमेरिकेत वेपिंगमुळे फुफ्फुसं निकामी होण्याची साथच आली होती. फेब्रुवारी २०२० पर्यंत तिथल्या रोग नियंत्रण केंद्राकडे २,८०७ रुग्ण आणि ६८ मृत्यू नोंदले गेले, आणि मुख्य संशय गांजाच्या कार्ट्रिजमध्ये मिसळलेल्या व्हिटॅमिन ई अॅसिटेटवर ठरला. भाच्याने कार्ट्रिज परवानाधारक दुकानातून घेतलं की मित्राकडून, हे त्याला नीट विचारा. खोकला किंवा दम लागत असेल तर माझं उत्तर वाचत बसू नका, डॉक्टरकडे न्या आणि वेपिंगचं लपवू नका.

आता कायदा, कारण कॅलिफोर्नियातली सवय विमानातून उतरताना आपोआप सुटत नाही. आपल्याकडे १८ सप्टेंबर २०१९ रोजी ई-सिगारेटवर वटहुकूम आला आणि त्याच डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवण, जाहिरात सगळ्यावर बंदी. व्याख्येत निकोटीन असलेलं आणि नसलेलं दोन्ही येतं. पदार्थ तापवून ओढण्यासाठी वाफ करणारं विजेवरचं उपकरण एवढं पुरतं. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, साठवणुकीला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणून माझ्या बाकावर हे पेन येत नाही. गिऱ्हाइकाचा माल ठेवून घेणं हीसुद्धा साठवणच झाली, असं उद्या कोणी म्हटलं तर मी काय सांगणार? आणि कार्ट्रिजमध्ये गांजाचं तेल असेल तर प्रकरण १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात जातं. त्या कायद्यात हशीश ऑइल चरसच्याच व्याख्येत आहे. ‘तिकडे कायदेशीर आहे’ हे वाक्य इथल्या पोलीस ठाण्यात काहीही वजन धरत नाही. भाच्याला हे मामा म्हणून तुम्हीच सांगा. इथून पुढे मी जे लिहिते ते ट्रिमर, टॉर्च, इअरफोनची डबी, पोरांची खेळणी यांच्यासाठी लिहिते; पेनमधल्या सेलचं तेवढं शेवटी येईल.

कारण ‘बॅटरी गेली’ म्हणून येणाऱ्या लहान वस्तूंमध्ये बऱ्याचदा बॅटरी गेलेली नसतेच.

सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट टाइप-सीची आहे. टाइप-सी चार्जर समोर कोणी आहे याची खात्री झाल्याशिवाय वीज सोडत नाही. समोरच्या वस्तूत ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर असावे लागतात. ते दिसले की मगच ५ व्होल्ट येतात. स्वस्त ट्रिमर आणि टॉर्च बनवणारे हे दोन रेझिस्टर वाचवतात. किंमत किती, तर काही पैसे! मग नव्या फोनच्या चार्जरला दोन्हीकडे टाइप-सी असलेल्या केबलने लावलं की वस्तू मेलेली दिसते. जुन्या चौकोनी यूएसबी चार्जरला, एका टोकाला चौकोनी आणि दुसऱ्या टोकाला टाइप-सी अशा केबलने लावलं की तीच वस्तू जिवंत होते. घरात नवे फोन आल्यावर जुने चार्जर फेकून देणाऱ्यांकडे हा ‘बिघाड’ हमखास सापडतो. आणि दोन्हीकडे टाइप-सी असलेली केबल कापून मीटर लावलात तर शून्य व्होल्ट दिसतील, तेही याच कारणाने.

दुसरं कारण कॉन्टॅक्ट. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा इतकी ओली असते की खाडीकाठच्या घरांत, कोपरी म्हणा, ऐरोली म्हणा, पितळेच्या पट्टीवर हिरवा थर चढतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घेऊन पुसायचं, पाणी नाही. स्प्रिंगची पिन दबून आत गेली असेल तर वस्तू बंद करून लाकडी टूथपिकने हलकेच वर करायची; सुई किंवा स्क्रू ड्रायव्हर घातलात तर तुम्हीच शॉर्ट करणार.

तिसरं कारण खरंच बॅटरीचं. वस्तू सहा-आठ महिने बॅगेत पडून असते, बोर्ड झोपेतही थोडं थोडं पीत असतो, आणि सेल खोलवर उतरतो. भरलेला लिथियम सेल ४.२ व्होल्टवर असतो, ३ व्होल्टच्या खाली त्याला रिकामा धरायचा. संरक्षणाचा बोर्ड साधारण अडीच व्होल्टच्या आसपास तोडतो. मीटरने थेट सेलच्या टोकांवर मोजा. अडीचच्या वर असेल तर मंद चार्जवर तो बहुधा परत येतो. दोन व्होल्टच्या खाली बरेच दिवस पडलेला असेल तर मी हात लावत नाही. एवढ्या खाली सेलच्या आतली तांब्याची पट्टी विरघळायला लागते, आणि परत चार्ज करताना ते तांबं नको तिथे जमून आतल्या आत शॉर्ट करू शकतं. असा सेल चार्ज होतो, फुल दाखवतो, आणि चार दिवसांनी उशीजवळ तापतो. ‘झटका देऊन उठवतो’ म्हणणारे कारागीर ठाण्यात भरपूर आहेत. त्यांच्याकडे दुचाकीची शिसे-आम्लाची बॅटरी खुशाल द्या, लिथियम देऊ नका.

आणि नुसतं व्होल्टेज बघून निकाल देऊ नका. थकलेला सेल लोड नसताना ४.१ दाखवतो आणि लोड लावला की अडीचवर बसतो. वस्तू चालू करा आणि चालू असताना मोजा. लोड नसताना आणि लोडवर यांतला फरक अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर सेल चांगला, बिघाड दुसरीकडे शोधा.

राहिला तिसरा प्रश्न, पेनमधला सेल. सेल म्हणून त्यात काही वाईट नाही; साधारण ३५० मिलिअँपिअर-तासाचा असतो, लहान टॉर्चला किंवा मुलांच्या प्रोजेक्टला छान. मात्र नळी पत्र्याची असते आणि आतल्या मऊ पाउच सेलला कडेचा ओरखडा पुरतो. पक्कड लावून नळी पिळू नका, टोकाची टोपी ढिली करून आतला भाग सरकवून काढा. वायरी कापताना दोन्ही एकदम कटरमध्ये घेऊ नका. आधी एक कापायची, तिच्या टोकावर टेप, मग दुसरी. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना मी हे एवढंच पहिल्या दिवशी शिकवते, बाकी सगळं नंतर. सेल फुगलेला दिसला किंवा नेलपॉलिश रिमूव्हरसारखा गोडसर वास आला तर तिथेच थांबा. फुगा टोचून हवा काढायची नसते.

असा सेल, किंवा कुठलाही मेलेला सेल, ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. कचरागाडी कचरा दाबते, आणि दाबलेला लिथियम सेल गाडीत पेटतो. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे वापरणाऱ्यानेही बॅटरी वेगळी काढून संकलन किंवा पुनर्वापर करणाऱ्याकडे द्यायची असते. दोन्ही टोकांवर टेप लावा, कोरड्या वाळूच्या डब्यात ठेवा आणि ई-कचरा संकलनाला द्या. मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या बऱ्याच मोठ्या दुकानांतही पेट्या असतात. लहान सेल पेटलाच तर भरपूर पाणी ओता. लिथियम-आयन सेलवर पाणी चालतं, त्याला थंड करणं हेच काम असतं. धूर मात्र छातीत घेऊ नका, खिडक्या उघडून बाहेर व्हा.

सेल चांगला निघाला तर त्याला स्वतःचा पहारा द्या. पेनमधल्या सेलला बहुधा स्वतःचं संरक्षण नसतं, ते बोर्डवर असतं आणि बोर्ड तुम्ही कापून टाकलेला आहे. मुंबईत लॅमिंग्टन रोडला टीपी ४०५६ नावाचं चार्जिंग मॉड्यूल अगदी स्वस्तात मिळतं. ‘बी’ आणि ‘आउट’ असे वेगळे पॅड असलेलं घ्या, त्यात संरक्षणाचा चिप असतो. नुसते दोन पॅडवाले परत करा. पण ते आणून तसंच लावू नका. मॉड्यूल येतं एक अँपिअरवर लावलेलं आणि तुमचा सेल आहे ३५० चा, म्हणजे जवळजवळ तिप्पट वेगाने चार्ज. करंट ठरवणारा रेझिस्टर बोर्डवर १.२ किलोओहमचा असतो, त्यावर १२२ छापलेलं दिसेल. तो काढून १० किलोओहमचा बसवा, म्हणजे १३० मिलिअँपिअरच्या आसपास येईल. साडेतीन-चार तास लागतील, लागू देत. पहिल्या चार्जला सेल फरशीवर ठेवा, गादीवर किंवा लाकडी टेबलावर नाही, आणि घराबाहेर जाऊ नका. मधून मधून हात लावून बघा. कोमट चालेल, गरम चालणार नाही. दिवा बदलल्यावर सेलच्या टोकांवर मीटर लावा. ४.२ च्या दोन-पाच शतांश इकडे-तिकडे दिसलं तर वापरायला घ्या. ४.२५ च्या वर दिसलं तर मॉड्यूलवर भरवसा ठेवू नका, ते बदला, आणि त्याने चार्ज झालेला सेल लगेच छोट्या टॉर्चच्या बल्बवर थोडा उतरवून ठेवा.